गाडीमागचा डबा कुणाला विचारून रानात येतो?



या अंकात दाव्यांची यादी दुसऱ्या पानावर गेली आहे आणि पहिलं पान डिझेलच्या एका डब्याला दिलं आहे. बैठकीत यावरून बोलणी झाली. वडीलधारे म्हणाले, पट्टे अडकलेत, जातीचे दाखले मिळत नाहीत, कातकऱ्यांच्या घराखालची जागा अजून नावावर नाही, आणि तुम्ही पोरं गाड्यांच्या मागे काय लागलाय? आमचं म्हणणं असं की हा डबा म्हणजे जमिनीचाच प्रश्न आहे. कसा ते लिहितो. पटलं नाही तर पुढच्या बैठकीत भांडा.

पाऊस उघडला की गाड्या सुरू होतात. मालवण, तारकर्ली, देवबागला दोन दिवस समुद्र बघून झाला की यातली काही मंडळी डोंगराकडे वळतात. आंबोली, चौकुळ, तिलारीचं खोरं, नाहीतर किनाऱ्याच्या वरचे मोकळे सडे. पिकअप गाडी, मोठाले टायर, टपावर घडीचा तंबू, आणि मागे पट्ट्यांनी आवळून बांधलेले डबे. वीस लिटरचा एक डबा, कधी दोन, कधी चार. मुंबई-पुण्याच्या, कोल्हापूर-बेळगावच्या गाड्या असतात. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, म्हणून काहीजण गोव्याच्या हद्दीत टाकी आणि डबे दोन्ही भरून दोडामार्गाकडून वर चढतात. (आपलीही पोरं बाइक भरायला तिकडेच जातात, ते असो.)

याला ते लोक ऑफरोड म्हणतात. म्हणजे रस्ता सोडून. ऐकल्यावर आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या हसल्या. आपली बाई बाळंतपणात अडली तर डोली करून चार माणसं तिला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, ते काय ऑनरोड असतं? ज्या गोष्टीतून आपण सुटायला बघतोय त्यासाठी ही माणसं पैसे मोजून येतात. येईनात. हौसेला मोल नसतं. पण एक फरक ध्यानात घ्या. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये लिहिलंय की ग्रामसभेने शिफारस केली तर रस्ता, शाळा, अंगणवाडी, पाण्याची सोय अशा 13 कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली जंगलजमीन देता येते, झाडं तोडायची तर हेक्टरी 75 पर्यंत. एवढं स्पष्ट लिहूनही वाडीच्या रस्त्याचा कागद किती टेबलांवर फिरतो ते तुम्हांला ठाऊक आहे. गाडीवाल्याला शिफारस लागत नाही, कागद लागत नाही, ठराव लागत नाही. तो झाडीत गाडी घालतो आणि वाट करतो.

आता डब्याचं. चढाला, चिखलात, खडकावर गाडी खालच्या गिअरला चालवली की ती डांबरी रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी जास्त तेल पिते. त्यात रात्री दिवे, पंखे, गाणी लावायला काहीजण छोटा जनरेटर आणतात, त्यालाही पेट्रोल. पंप सगळे मोठ्या रस्त्याला. म्हणजे नुसत्या टाकीच्या जोरावर आलेल्या माणसाला काटा बघावा लागतो. तो संध्याकाळी गावाकडे फिरतो, चहा घेतो, मुक्कामाला जागा विचारतो. विचारलं की बोलणं होतं. इथं थांबा, तिथं नको, त्या राईत देव आहे, तिथं गाडी नेऊ नका, खालच्या पाणवठ्यावर रात्री हत्ती येतात. तिलारी भागात 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येऊ लागले, हे मुंबईच्या माणसाला कोण सांगणार, आपणच ना?

डबा असला की हे सगळं टळतं. गावातून गाडी धूळ उडवत सरळ निघून जाते. काचा वर. दोन रात्री, तीन रात्री रानात, आणि गावाला पत्ता कुठं लागतो तर राख आणि बाटल्या दिसल्यावर. आमच्या मते डब्यातलं तेल म्हणजे गावाला न विचारता आत किती जाता येईल त्याचं माप. वीस लिटर म्हणजे इतकं, चाळीस लिटर म्हणजे आणखी इतकं.

या डब्याला जेरीकॅन म्हणतात. पिंगुळीच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त फौजी काकांनी आम्हांला याची गोष्ट सांगितली ती ऐकण्यासारखी आहे. हा वीस लिटरचा चपटा लोखंडी डबा 1937 च्या सुमाराला जर्मन लष्कराने बनवला. इंग्रज शिपाई जर्मनांना चिडवून जेरी म्हणायचे, म्हणून जेरीचा कॅन. इंग्रजांचे स्वतःचे डबे पातळ पत्र्याचे होते, आफ्रिकेच्या वाळवंटात ते फुटायचे, गळायचे, म्हणून त्यांनी जर्मनांच्या डब्याची नक्कल केली. तीन मुठी एवढ्यासाठी की रिकामे दोन एका हातात धरता यावेत आणि भरलेला एक दोघांनी मिळून उचलावा. काका म्हणाले, ज्या मुलखात आपलं कुणी नाही, पाणी-तेल कुणाला मागायचं नाही, तिथं घुसायला हा डबा केला. आपल्या रानात तोच डबा येतोय. पुढचं आम्ही बोललो नाही.

आता आगीकडे या.

फाल्गुन-चैत्रात सडा कसा असतो ते आपल्याला सांगायला नको. गवत कुडकुडीत, खालचा कातळ तापलेला, दुपारनंतर समुद्राकडून वारा. काजू ऐन भरात. एक ठिणगी उडाली तर वणवा दोन-तीन वाड्यांच्या बागा घेऊन जातो. आणि वणवा लागला की पहिला बोट कुणाकडे? ठाकराकडे, कातकऱ्याकडे, धनगराच्या पोराकडे. मध काढायला गेला असेल, ससा उठवायला गेला असेल, बिडी टाकली असेल. भाजावळ आपण करतो म्हणून आग आपल्याच नावावर मांडलेली. भाजावळ करताना आपण आधी कडेचा पाला ओढून घेतो, वारा पडल्यावर पेटवतो, हातात ओल्या फांद्या घेऊन चारी बाजूंनी माणसं उभी करतो, हे कुणी बघायला येत नाही.

एका गावात वरच्या सड्याला आग लागली तेव्हा तंबूवाल्यांची गाडी पहाटेच निघून गेली होती. चौकशी आली ती थेट आपल्या वाडीवर. कोणाकडे काडेपेटी आहे, कोण काल रानात होतं. तिथल्या एका आजीने उत्तर दिलं ते आम्ही जसंच्या तसं देतो : "साहेबानू, काडयेपेटी माझ्याकडे आसा, चुलीक. डिझेलचो डबो कोणाकडे होतो तो आदी बघा." साहेब काही बोलले नाहीत, पण नावं मात्र वाडीतल्याच दोघांची लिहून नेली.

नाव लिहून नेणं हलक्यात घेऊ नका. भारतीय वन कायदा 1927 चा, इंग्रजांचा. त्याच्या कलम 26 मध्ये राखीव वनात आग लावणं, आग पेटती ठेवून जाणं हा गुन्हा आहे, ते ठीक. पण त्याच कलमाचं पोटकलम 3 वाचा. राखीव वनात कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर ज्याने लावली त्याला शिक्षा होवो न होवो, सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क वाटेल तितका काळ बंद ठेवू शकतं. म्हणजे आग लावली पुण्याच्या गाडीने आणि हिरडा, शिकेकाई, करवंदं, चराई बंद झाली आपली. गाडीवाल्याचा तिथं कुठला हक्कच नाही, त्यामुळे त्याचं बंद काय करणार? आमचं म्हणणं असं की 2006 च्या कायद्याने मिळालेला हक्क या जुन्या कलमाने असा बंद करता येत नाही, कारण नवा कायदा स्वतःच म्हणतो की दुसऱ्या कायद्यात काहीही असलं तरी हे हक्क मान्य आहेत. पण ज्यांचा दावा अजून पडून आहे त्यांनी हे कुणाच्या कागदावर दाखवायचं? जुन्या कलमाने एका वाडीवर असा बडगा आला तर दाव्याची सुनावणी होईतो दोन हंगाम गेलेले असतील. म्हणून म्हटलं, डबा हा जमिनीचा प्रश्न आहे.

काही पोरं तावातावाने म्हणाली, डबे नेणंच बेकायदा आहे, पोलिसांत देऊ. तसं नाही. आम्ही कायदा बघितला. पेट्रोलियम कायदा 1934 चा आहे. विकायला नसेल तर कुणीही माणूस 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवू शकतो. मोटारमालकाला तर त्याच्या गाडीसाठी टाकीतल्या तेलाशिवाय आणखी 100 लिटरपर्यंत सूट आहे. डिझेलला त्याहून सैल, 2500 लिटरपर्यंत परवाना नको. अट एवढीच की पेट्रोल घट्ट बुचाच्या भांड्यात हवं, भांडं धातूचं असेल तर 25 लिटरपेक्षा मोठं नको, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एका लिटरपेक्षा मोठं नको. आणि 30 लिटरच्या वर असेल तर माणसं राहतात त्या खोलीपासून वेगळं ठेवायचं. म्हणजे चांगल्या लोखंडी डब्यातून 40 लिटर डिझेल घेऊन डांबरी रस्त्याने जाणारा माणूस कायद्यात बसतो. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. उलट तोच आपल्याला विचारेल, तू कोण?

आणि या कायद्यात बसत कोण नाही, माहीत आहे? आपली पोरं.

गेल्या हंगामात एका वाडीतल्या पोराला तंबूवाल्यांनी सांगितलं, खाली जा आणि दहा लिटर पेट्रोल घेऊन ये, दोनशे रुपये देतो. पोरगं गोडेतेलाचा प्लास्टिक कॅन घेऊन बाइकवर गेलं. झाकणाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. कॅन दोन मांड्यांत धरून घाट चढून वर आलं तोवर निम्मी पॅन्ट भिजलेली. मांड्यांची कातडी सोलली, आठ दिवस धड चालता येईना. पेटलं नाही हे नशीब. तंबूवाल्यांनी दोनशे दिले, वर पेट्रोल कमी भरलं म्हणून कुरकुर केली. अशा कॅनला कायद्यात जागा नाही, आणि ते पेट्रोल दहा रुपये वर लावून विकलं तर ती विनापरवाना विक्री. वाटेत काही झालं असतं तर गुन्हा पोरावर. म्हणजे त्यांचा डबा कायदेशीर, कारण तो चांगल्या पत्र्याचा आणि महागाचा. आपला कॅन बेकायदा, कारण तो गोडेतेलाचा.

इथे थोडं थांबून तेलाविषयी लिहितो, कारण डबे आपल्याही घरात आहेत. गवत कापायच्या मशिनला पेट्रोल लागतं, पंपाला डिझेल लागतं, आपल्यातल्या दोघातिघांच्या स्वतःच्या पिकअप आहेत, काजू आणि आजारी माणूस दोन्ही त्यातूनच खाली जातात. रेशनचं रॉकेल होतं तेव्हा आपण बाटली जपायचो, पण पेट्रोल म्हणजे रॉकेल नव्हे. पेट्रोल जळतं ते त्याची वाफ जळते. ही वाफ दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, म्हणून वर न जाता जमिनीवरून पाण्यासारखी सरपटते आणि खोलगटात साठते. डबा पडवीत आणि चूल माजघरात असली तरी वाफ उंबरा ओलांडून चुलीपर्यंत पोचते आणि ज्वाळा उलटी डब्याकडे येते. उणे 40 अंशांच्या थंडीतसुद्धा पेट्रोलची वाफ पेट घेण्याइतकी सुटते, मग आपल्या उन्हाळ्याचं बोलायलाच नको.

डिझेल पेटत नाही असं आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. काडी टाकून दाखवतात देखील. गार डिझेलवर काडी विझते हे खरं. पण आपल्या देशातल्या डिझेलला नियम एवढाच आहे की 35 अंशांच्या खाली त्याची वाफ पेटू नये. त्याच्या वर गेलं की सांगता येत नाही. एप्रिलमध्ये सड्यावर उन्हात ठेवलेल्या लोखंडी डब्याला हात लावून बघा, हात टेकवत नाही. फडक्याला, गवताला लागलेलं डिझेल तर वातीसारखं जळतं.

म्हणून घरातल्या डब्याचं : पेट्रोल धातूच्याच डब्यात, घराबाहेर, सावलीत. भरताना डबा गाडीवर ठेवून भरू नका. प्लास्टिकच्या हौद्यात ठेवलेल्या डब्यात तेल पडताना वीज साठते, तिची ठिणगी उडू शकते. डबा जमिनीवर ठेवा, नळीचं तोंड डब्याला टेकवून ठेवा. काठोकाठ भरू नका, उन्हात तेल फुगतं. पिकअपच्या केबिनमध्ये माणसांबरोबर डबा नको, टपावर तर नकोच, वीस लिटर डिझेल म्हणजे सतरा किलोच्या आसपास वजन, वळणावर सुटलं तर खालच्याच्या डोक्यात. सांडलं तर पाणी ओतू नका, तेल पाण्यावर तरंगून पसरतं. कोरडी माती टाका. आणि पोरांनो, दोनशेच काय, हजार दिले तरी प्लास्टिकच्या कॅनमधून कुणाचं पेट्रोल आणू नका.

पाण्याचं त्याहून वाईट. आपला सडा जांभ्याचा. जांभा दगड वरून टणक दिसतो, पण भोकाभोकांचा आहे. पावसाचं पाणी तो पितो आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यातून, विहिरीतून आपल्याला देतो. वर जे सांडेल ते खाली येणार. गाडीत तेल ओतताना नरसाळ्यातून चार थेंब सांडतातच, रात्री अंधारात दारू पिऊन ओतलं तर वाटीभर सांडतं. पेट्रोल उडून जातं निदान, डिझेल चिकटून बसतं, आणि पहिल्या पावसात झऱ्याला वास. गावाला नळाची योजना असेल तर वास आलेलं पाणी टाकून देता येतं. कातकऱ्यांच्या वाडीला झरा एकच असतो.

सड्यावरच्या चित्रांचं पण लिहायला हवं. मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर जी कातळशिल्पं आहेत ती 2022 साली कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कातळात कोरलेली माणसं, जनावरं, आकृत्या. ती उभी नाहीत, जमिनीवर आडवी आहेत. गाडीवाल्याला वरून दिसतो तो फक्त सपाट मोकळा कातळ, चाक घालायला उत्तम. यादीत नसलेल्या किती सड्यांवर अशी चित्रं अजून गवताखाली आहेत, ते गुराख्यांना विचारा.

आणि शेवटी चाकोरी. आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि तीच सगळ्यात कमी दिसते. पहिल्या वर्षी एक गाडी झाडोऱ्यातून जाते. दुसऱ्या वर्षी तिच्या चाकोरीवरून दहा जातात, कारण पहिल्याने मोबाइलवर वाट टाकलेली असते. तिसऱ्या वर्षी एजंट येतो आणि गिऱ्हाईकाला सांगतो, जागेपर्यंत गाडीरस्ता आहे. मग जेसीबी, मग तारेचं कुंपण, मग पाटी. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा झाला तेव्हापासून किनाऱ्याच्या जमिनी कशा गेल्या ते मालवणच्या लोकांना विचारा. आता किनारा संपत आला म्हणून नजर सड्यावर आणि डोंगरावर आहे. आपण तीन पिढ्या पायवाटेने गेलो तर ती वहिवाट दाखवायला पुरावे मागतात. त्यांच्या चाकांची तीन वर्षांत वहिवाट होते.

मग काय करायचं? गाड्या अडवून काचा फोडायच्या? नाही. दोन-तीन ठिकाणी पोरांची भाषा तशी झाली आहे, ती आम्हांला मान्य नाही. एक तर गुन्हे आपल्यावरच पडतील. दुसरं म्हणजे येणारा प्रत्येकजण वाईट नसतो, आणि चार पैसे आपल्याही हाताला लागतात. भाकरी-पिठलं, वाट दाखवणं, कोकम, मध. ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी बघायला माणसं पिंगुळीला येतातच ना, त्यांचं आपण स्वागतच करतो. ती दारातून येतात, एवढाच फरक.

डब्यालाही आमचा सरसकट विरोध नाही. मालवणच्या बंदरात जा, प्रत्येक होडीत जादा तेलाचा कॅन आहे. गाबीत दर्यात जातो तिथं पंप नाही, तेल संपलं तर वारा नेईल तिकडे. त्याचा कॅन हा जीव आहे. शिवाय तो ज्या पाण्यात जातो त्यावर त्याचं पोट आहे, म्हणून तो तेल सांडताना दहादा विचार करतो. तंबूवाल्याचं पोट रानावर नाही. त्याला दोन रात्रींनंतर परत जायचंय.

आमच्याकडे उपाय एकच आहे आणि तो 2006 च्या कायद्यातच आहे. कलम 5 काढा. वनहक्कधारक जिथं आहेत तिथल्या ग्रामसभेला त्या कलमाने अधिकार दिलाय : जंगल, वन्यजीव, जैवविविधता राखायचा, पाण्याच्या जागा राखायचा. त्याच्या शेवटच्या पोटकलमात लिहिलंय की सामूहिक वनसंपत्तीत कुणी यावं-जावं याचं नियमन करायचा आणि जंगलाला बाध येईल असं काम थांबवायचा निर्णय ग्रामसभेने घेतला, तर तो पाळला जाईल हे बघायचं. यायचं-जायचं नियमन, हे शब्द कायद्याचे आहेत. आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा आपल्याला लागू नाही, हे खरं. त्याचं निमित्त करून काहीजण सांगतात की तुमच्या वाडीच्या ग्रामसभेला अधिकार नाहीत. वनहक्क कायदा पेसावर अवलंबून नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याने. धनगर बांधवांनीही मागे राहू नये. अनुसूचित जमातीत नसलात तरी 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षं रानावर जगलात हे दाखवलं की तुम्ही इतर पारंपरिक वननिवासी म्हणून याच कायद्यात येता.

ठरावाचा मसुदा आम्ही असा केला आहे. आपापल्या गावाप्रमाणे बदल करा.

"वनहक्क कायदा 2006 च्या कलम 5 प्रमाणे ही ग्रामसभा ठरवते की आमच्या वनक्षेत्रात बाहेरची कोणतीही मोटार गावाच्या शेवटच्या घराच्या पुढे जाणार नाही. गाडी आणि गाडीतले इंधनाचे डबे गावात ठरवलेल्या मोकळ्या जागेत राहतील. पुढे जायचं ते पायी, गावच्या वाटाड्याबरोबर, वहीत नाव आणि गाडीचा नंबर लिहून. पेट्रोल, डिझेल, जनरेटर रानात नेता येणार नाही. होळीपासून पाऊस पडेपर्यंत रानात उघड्यावर आग पेटवता येणार नाही. देवराई, पाणवठा आणि कातळशिल्पाच्या जागी मुक्काम नाही. आजारी माणूस, आग विझवणं आणि गावकऱ्यांची शेतीची कामं यांना हा नियम लागू नाही."

गाडी गावात आणि माणूस पायी, यावर आम्ही जाणूनबुजून भर दिला आहे. नुसते डबे उतरवून घेतले तर ते ठेवायचे कुणाच्या पडवीत? शंभर लिटर पेट्रोल सांभाळायची जोखीम आपण कशाला घ्यायची? डबा त्याच्या गाडीत राहू दे, किल्ली त्याच्या खिशात राहू दे. वाटाड्याची मजुरी ग्रामसभेने ठरवावी, पोराने एकट्याने घासाघीस करू नये.

ठराव घेताना गणपूर्ती बघा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. बाया काजूवर गेलेल्या असतात म्हणून सभा दुपारी लावू नका, संध्याकाळी लावा. सह्या, अंगठे त्याच बैठकीत घ्या, मागाहून घरोघर फिरून घेतलेल्या सह्यांवर उद्या बोट ठेवतील. ज्या गावाने अजून सामूहिक वनसंपत्तीचा दावाच टाकलेला नाही त्यांनी त्याच सभेत तोही ठराव करावा. दावा नसताना नुसता गाड्यांचा ठराव कमजोर पडेल.

ठरावाच्या प्रती चार करा : तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि पोलीस ठाणे. पाचवी आपल्याकडे, तिच्यावर चारही ठिकाणचा शिक्का आणि तारीख. कारकून म्हणेल ठेवून जा, नंतर शिक्का मारतो. बसून राहा. गेल्या वेळी एका वाडीचा दावा असाच ठेवून गेलो आणि तो कुठे गेला ते अजून कुणी सांगत नाही. ज्या गावांचे ठराव होतील त्यांनी एक झेरॉक्स आमच्याकडे पाठवावी, पुढच्या अंकात गावांची नावं छापू. होळीला अजून सात आठवडे आहेत.